पेडल स्टील : जुनी घ्यावी की नवी?

डॅलस,
१२ नोव्हेंबर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

इतकी वर्षं हवाईयन गिटार वाजवल्यावर आता तुला पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पेडलांनी तारांचे सूर बदलणारी स्टील गिटार, घ्यावीशी वाटतेय, हे वाचून फार आनंद झाला. जुनी घ्यावी की नवी, असं विचारलंस. इथल्या वादकांना या प्रश्नावर बोलायला रात्र पुरत नाही, त्यामुळे पत्र लांबणार.

आधी पेडलचं काम काय ते सांगतो. तू मींड घेतोस तेव्हा तारांवर धरलेला धातूचा बार सरकतो आणि त्याच्याखालच्या सगळ्या तारा एकदम चढतात. पेडल स्टीलमध्ये बार जागेवरच राहतो. ई९ जुळणीत, म्हणजे तारा लावायच्या एका ठरलेल्या पद्धतीत, पहिलं पेडल दाबलं की पाचवी आणि दहावी तार ‘बी’वरून ‘सी शार्प’ला जाते, दुसरं दाबलं की तिसरी आणि सहावी ‘जी शार्प’वरून ‘ए’ला. बाकीच्या तारा स्थिर. एक सूर धरून ठेवलेला आणि त्याला लागूनच दुसरा मींडेत चढतोय, हे एकट्या बारने इतकं सहज साधत नाही. १९५४ साली गाजलेल्या, गायक वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने हे वाजवलं आणि नॅशव्हिलमधला, म्हणजे इथल्या कंट्री संगीताच्या माहेरघरातला, प्रत्येक स्टीलवादक पेडलच्या मागे लागला.

आता जुन्या-नव्याचं. लोक म्हणतात, जुन्याचं लाकूड मुरलेलं असतं म्हणून ती गोड वाजते. मला हे पटत नाही. माझ्या मते खरा फरक यंत्रणेत आहे. नामवंत स्टीलवादक बडी एमन्स ‘शो-बड’ ही गिटार बनवणारी कंपनी सोडून बाहेर पडला आणि १९६०च्या दशकात त्याच्या नावाची पुश-पुल गिटार आली. तिच्यात तार ज्या धातूच्या फिंगरवरून जाते, तीच सूर चढवायला ओढली जाते आणि उतरवायला ढकलली जाते. पाय उचलला की ती वाद्याच्या अंगाशी घट्ट टेकते. तारेचा कंप सरळ अंगात उतरतो. आजच्या बहुतेक गिटारी ऑल-पुल आहेत: चढवणं-उतरवणं दोन्ही ओढूनच, आणि त्यासाठी फिंगरला जोडलेले आणखी हलते भाग. कंपाच्या वाटेत तेवढे सांधे वाढले. माझ्या गुरुजींची पुश-पुल त्यांनी मला वाजवायला दिली, तेव्हा वरच्या बारीक तारांनाही जे वजन आलं ते माझ्या नव्या गिटारीत नाही. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तो नाद मला अजून हवाहवासा वाटतो.

तरीही तू नवीच घे.

पुश-पुलवर एखाद्या पेडलचं काम बदलायचं तर वाद्य उलटं करून सळ्या, कॉलर, स्प्रिंगा सगळ्यांशी झटापट करावी लागते आणि एक नीट केलं की दुसरं बिघडतं. ऑल-पुलमध्ये सळी एका भोकातून काढून दुसऱ्यात घालायची आणि टोकाच्या नायलॉनच्या नटाने सूर लावायचा. मिरजेचे कारागीर जवारी काढण्यात कोणाला हार जाणार नाहीत, पण पुश-पुलचा चेंजर, म्हणजे सूर बदलणाऱ्या फिंगरची यंत्रणा, त्यांच्यापुढे ठेवून दुरुस्तीची अपेक्षा करणं त्यांच्यावर अन्याय आहे. काही जुन्या वाद्यांत ओतीव मिश्रधातूचे भाग आहेत; ते झिजतात, तडकतात आणि बदली भाग शोधता शोधता महिने जातात. शिवाय दोन मानांची (तारांचे दोन वेगळे संच असलेली) जुनी गिटार पेटीसकट तीस किलोच्या घरात जाते. कार्यक्रमाला सांगलीहून कोल्हापूरला एसटीने कशी नेशील?

एक गोष्ट मात्र दोन्हींत सारखीच आहे, आणि ती तुला मनापासून आवडेल. पेडल दाबल्यावर ताण वाढून वाद्याचं अंग किंचित वाकतं आणि न दाबलेल्या तारा हलक्याशा उतरतात. नव्या कारागिरांनी हे कमी केलंय, संपवलेलं नाही. म्हणून इथले जाणते वादक नुसत्या ट्यूनरच्या काट्यावर विसंबत नाहीत, कानाने लावतात. त्यातही ‘जी शार्प’, म्हणजे ‘ई’ला षड्ज धरलं तर आपला गंधार, ते पियानोच्या गंधारापेक्षा मुद्दाम खाली ठेवतात, दुसऱ्या सुरांशी पुरता जुळवून थरथर घालवली तर सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली. तानपुरा नीट लागल्यावर आपोआप ऐकू येतो तोच हा गंधार! नॅशव्हिलच्या वादकाने तो कानाने शोधावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं. तुझा कान त्यावर तयार झालेला आहे, त्यामुळे निम्मा रस्ता तू आधीच चाललायस.

तेव्हा एका मानेची, दहा तारांची, ई९ जुळणीची ऑल-पुल घे. तीन पेडलं आणि गुडघ्याचे चार लिव्हर पुरेत. सी६ या वेगळ्या जुळणीची दुसरी मान आत्ता नको. ती जॅझच्या अंगाची आहे, पुढे वाटलं तर बघू. व्हॉल्यूम पेडल मात्र पहिल्या दिवसापासून हवं, कारण विरत जाणारा सूर तेच सांभाळून धरतं. तिसरी तार ०.०११ इंचाची असते आणि सारखी तुटते, म्हणून तिच्या सुट्या तारा जास्त मागव.

मी जानेवारीत येतोय. बार आणि अंगठ्याच्या व बोटांच्या नख्या घेऊन येतो, त्या तिकडे शोधत बसू नकोस. बोटांची मापं तेवढी कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत