सुभेदार क्विरीनिय यांस नाताळनिमित्त खुले पत्र

मा. क्विरीनिय,
सुभेदार, सूरिया प्रांत, रोमन साम्राज्य

स. न. वि. वि.

पत्राला दोन हजार वर्षं उशीर झाला आहे. सरकारी कामात एवढं चालायचंच, म्हणून माफी मागत बसत नाही.

मी एका धर्मग्रामातला साधा माणूस. हुद्दा म्हणाल तर नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, चर्चच्या दारात उभा राहून डोकी मोजतो. हातात मुठीत मावेल एवढं काउंटर असतं. अंगठ्याने दाबलं की टिक, एक माणूस आत. आतल्या खुर्च्या, बाहेरच्या खुर्च्या, ख्रिस्तप्रसादाला किती माणसं येतील, सगळं त्या टिकटिकीवर ठरतं. तुम्ही सूरिया आणि यहूदियाची नावनिशी, म्हणजे जनगणना, केलीत, मी एका दाराची करतो. खातं एकच, वेतनश्रेणी वेगळी.

तुमचं नाव आमच्या कानावर वर्षातून एकदाच पडतं, ते त्याच रात्री. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय सुरू होतो: रोमन सम्राट कैसर औगुस्ताचं नावनिशीचं फर्मान, आणि ती तुम्ही सुभेदार असताना झाली, ही ओळ. कैसर औगुस्तपर्यंत फादरांची गाडी सुरळीत असते. मग ते चष्मा सारखा करतात, एक श्वास घेतात आणि तुमच्या नावाला हात घालतात. एका वर्षी ते ‘क्विनीन’ असं ऐकू आलं, आणि मागच्या बाकावरच्या मुलांचे खांदे थेट देवदूत येईपर्यंत हलत होते. तुमच्याच पंक्तीतल्या, येशूला क्रुसावर देणाऱ्या पिलातसाहेबांचं बघा. त्यांचं नाव दर रविवारी श्रद्धा-प्रकटनात घेतलं जातं आणि ते कुणाचं चुकत नाही. वाईट काम केलं की नाव पाठ होतं, रजिस्टर लिहिलं की नाव अडखळतं.

मिस्सेआधी ख्रिस्तजन्माची जुनी घोषणा गातात. तिच्यात औगुस्ताच्या कारकिर्दीचं ४२वं वर्ष मोजून सांगितलं आहे. तिथेही तुम्ही नाही.

मुलांच्या नाटकाचं तर बोलायलाच नको. लूकने ‘उतारशाळेत त्यांना जागा नव्हती’ एवढंच लिहिलं, मालकाबद्दल अवाक्षर नाही. पण आमच्या नाटकात मालक हवाच: खोटी दाढी, हातात कंदील, आणि ‘चालते व्हा!’ हे वाक्य, जे तो गरजेपेक्षा दोनदा जास्त म्हणतो. गाढवाचा शुभवर्तमानात उल्लेख नाही, तरी त्यात दोन मुलं घुसतात. बैल आणि गाढव यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून चालत आले म्हणतात. बाळाला भेटायला आलेले मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) तीन, हेही दुसऱ्या शुभवर्तमानकाराने, मत्तयने, कुठे सांगितलेलं नाही. त्याने भेटी तीन सांगितल्या, माणसं आम्ही मोजली. आणि ज्यांचं नाव, हुद्दा, प्रांत सगळं छापील आहे, ते तुम्ही मात्र रंगमंचावर नाही. मी एकदा नाटक बसवणाऱ्या बाईंना सुचवलं, एका पोराला टेबलापाशी वही घेऊन बसवा.

‘तो काय करेल?’

‘लिहील.’

‘आणि बोलेल काय?’

‘पुढचा!’

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला पडदा ओढायच्या कामावर घेतलं.

आता जरा अवघड विषय. तुमच्या तारखा जुळत नाहीत, साहेब. मत्तय म्हणतो, येशूचा जन्म हेरोद राजाच्या राज्यात झाला, आणि हेरोद बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये वारला. तुम्ही सूरियाला आलात आणि यहूदियाची मोजणी घेतलीत ती इ.स. ६ मध्ये, असं इतिहासकार जोसीफस लिहितो. त्या मोजणीवरून गालीलकर यहूदाने बंड केलं, तेही तो नोंदवतो. मधे जवळपास दहा वर्षांचा खड्डा पडतो. कुणी म्हणतं त्याआधीही एक मोजणी झाली असेल, कुणी म्हणतं लूकची गफलत झाली. मला विचाराल तर फाइल दहा वर्षं कुठल्या टेबलावर पडून होती, एवढंच शोधायचं राहिलं आहे. त्यात इ.स. ५२५ च्या सुमारास डायोनिसियस नावाच्या मठवासीयाने येशूच्या जन्मापासून वर्षं मोजली आणि त्याचाही हिशेब काही वर्षांनी चुकला. त्यामुळे येशूचा जन्म ख्रिस्तपूर्व काळात झाला, हे वाक्य आम्हाला गंभीर चेहऱ्याने म्हणावं लागतं. मोजणाऱ्यांच्या चुका किती टिकतात बघा.

तुमचं गणित मात्र कच्चं नव्हतं. तुमच्या एका अधिकाऱ्याचा कोरीव दगड व्हेनिसला आहे. क्विरीनियच्या हुकमावरून अपामिया नगराची मोजणी केली, नागरिक १,१७,००० निघाले, असं त्यावर लिहिलंय. तो दगड बनावट म्हणून बरीच वर्षं बाजूला पडला होता, १८८० मध्ये त्याचा हरवलेला अर्धा तुकडा सापडला तेव्हा कुठे त्याच्यावर विश्वास बसला. रोमन इतिहासकार टॅसिटसने तुमच्या म्हातारपणाला कंजूष म्हटलंय, ते मी मनावर घेतलेलं नाही. हिशेब ठेवणाऱ्याला लोक तेच म्हणतात. मीही खुर्च्या मोजून देतो तेव्हा ऐकतो.

हुकमाचं म्हणाल तर तुमच्याकडून एक उसना हवा आहे. तुमच्या साम्राज्याच्या एका फर्मानाने योसेफ आणि दिवस भरत आलेली मरिया नासरेथहून बेथलेहेमला गेली. शंभर किलोमीटरहून जास्त वाट. आमची माणसं दारापासून पुढच्या रिकाम्या बाकापर्यंत वीस पावलं जायला तयार नाहीत. दारात गर्दी, कोनाड्यात गर्दी, गायकांच्या माळ्याच्या जिन्यावर गर्दी, आणि वेदीसमोरचं पहिलं बाक असं मोकळं जसं काही तिथे ओला रंग दिलाय. ‘प्रत्येकाने आपापल्या गावी जावे’ याच चालीवर ‘प्रत्येकाने आपापल्या बाकावर जावे’ असं काही काढता आलं तर बघा. फादरांनी सांगून झालं आहे.

गायनवृंदासाठी काही मागत नाही. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या, चारही रविवारी गौरवगीत बंद असतं. ते नाताळच्या रात्री परत येतं, आणि चार आठवड्यांचा साठलेला आवाज त्या एका गाण्यात बाहेर पडतो. त्याला कुठलाही हुकूम पुरणार नाही. प्रवचन थोडं आटोपशीर व्हावं, ही इच्छा आहे, पण ती मी तुमच्याकडे कशाला मागू? तुमच्या फर्मानाची हकिगत लूकने दोन ओळींत आटपली. ती फादरांपुढेच उघडी असते.

गव्हाणीचा किस्सा मात्र तुम्हाला कळायला हवा, कारण गेल्या वर्षी आमची नावनिशी एकाने कमी भरली होती. गोठा आठवडाभर आधीच सजतो, पण गव्हाण रिकामी ठेवतो. बाळाची मूर्ती मध्यरात्रीच ठेवायची. बारा वाजत आले, मूर्ती नाही. सामानघरातली कपाटं उघडली, वेदीची वस्त्रं उलटीपालटी केली, सिस्टर मेणबत्त्यांच्या खोक्यात हात घालून बसल्या. घंटा वाजवायची वेळ झाली तेव्हा वेदीवर सेवा करणारा एक छोटा मुलगा धुपाच्या कोळशाचं खोकं घेऊन आला. बाळ त्यात होता. एका गालाला काळं लागलेलं, एक बोट झडलेलं. फादरांनी झग्याच्या बाहीने गाल पुसला, तो आणखी काळा झाला, आणि तसंच त्याला गवतावर ठेवलं. पुढे कुणीतरी म्हणालं की १२२३ मध्ये संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात पहिली गव्हाण मांडली तेव्हा मूर्ती नव्हत्याच, खरा बैल, खरं गाढव, खरं गवत, आणि तिथेच मिस्सा. एवढं ऐकून समितीला जरा हायसं वाटलं. गाल मात्र आम्ही नंतरही धुतला नाही.

आता मुद्द्यावर येतो.

माझ्या या कामाला एक नियम आहे. कडेवरचं आणि मांडीवरचं मूल मोजायचं नाही, त्याला खुर्ची लागत नाही. दुसरा एक अलिखित नियम मला पाळवत नाही. वर्षातून एकदाच येणाऱ्यांकडे आमच्यातले काहीजण मान तिरकी करून बघतात. ‘पुढच्या नाताळला भेटूच,’ असं हसत म्हणतात. योसेफ तरी काय, बेथलेहेमात नाव लिहिण्यापुरताच आला होता. तुमच्या माणसाने त्याला ‘इतकी वर्षं कुठे होतास’ म्हणून विचारल्याचं लूक सांगत नाही.

तर गेल्या वर्षी मिस्सा सुरू झाल्यावर एक तरुण आला. मी त्याला वर्षभरात पाहिलेलं नव्हतं. खांद्यावर शालीत गुंडाळलेलं तान्हं, मान लुळी, गाढ झोपलेलं. तो आत यावं की नको अशा बेताने उंबऱ्याबाहेर थांबला. मी सरकून वाट दिली. एक टिक दाबली. आणि मग अंगठा आपोआप दुसऱ्यांदा खाली गेला.

त्यावरूनच तुम्हाला विचारायचं आहे. मिसर देशात (इजिप्तमध्ये) रोमन काळात दर १४ वर्षांनी घरोघर नोंद व्हायची, ते पपायरसाचे कागद आजही आहेत आणि त्यांत तान्ह्या मुलांचीसुद्धा वयं लिहिलेली सापडतात. बेथलेहेमात तुमचा कारकून काय करत होता? योसेफची पाळी आली ती त्या रात्रीच्या आधी की नंतर? तुमच्या वहीत त्या घरची माणसं दोन आहेत की तीन?

मिस्सेनंतर माझा आकडा खुर्च्यांशी एकाने जुळला नाही. व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, मी खाकरलो. यंदा पुन्हा विचारतील. तेव्हा तुमचं उत्तर हाताशी असलं तर बरं.

नाताळच्या शुभेच्छा तुम्हाला, तुमच्या कारकुनांना, आणि त्या रात्री रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना.

कळावे,
आपला,
दारातला मोजणीदार

ता. क. फादरांना तुमचं नाव मोठ्या अक्षरांत, तोडून लिहून दिलं आहे. क्वि-री-निय. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून ते चिठ्ठी खिशात घेऊन फिरताहेत.