पाटल्यांपेक्षा नाणी बरी

बेळगाव

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र पोचलं. दोन पानं पावसाची आणि भाताच्या तरव्याची, आणि शेवटी एकच ओळ : ‘सोन्याची नाणी जमवतेस असं आई म्हणाली, कारणे द्या.’ मास्तरकी सुटली तरी प्रश्न घालायची तऱ्हा काही सुटली नाही. फोनवर हा विषय निघाला की आई एकटीच बोलते आणि तुम्ही हूं हूं करत बसता, म्हणून लिहूनच कळवते.

कारण एकच आहे, आणि ते आपल्याच घरातलं. बोअर मारायला पैसे कमी पडले तेव्हा आईच्या पाटल्या मोडल्या, आठवतंय ना? गरज होती थोड्याच पैशांची. पण अर्धी पाटली विकता येत नाही, जोडी गेली. सराफानं डाकाचं, म्हणजे जोडाला लावलेल्या हिणकस धातूचं कापलं, घट धरली, आणि मजुरी तर करतानाच गेलेली. तेही एक वेळ सोडा. बोअरवाल्याचे देऊन जे उरलं ते घरात आलं आणि वाणसामान, खतं, कुणाचं लग्न करत कुठं गेलं ते कळलंसुद्धा नाही. सोनं मोडलं बोअरसाठी आणि निम्मं खाल्लं संसारानं. तेव्हाच मनात बसलं, की बेताच्या पगाराच्या माणसाचं सोनं सुट्टं असावं. दोन ग्रॅमची नड असेल तर दोनच ग्रॅम बाहेर काढता यावं.

आई म्हणेल, “अंगावर घालायचं नाही तर सोनं कशाला गं?” तुझ्या पुतळ्यांच्या माळेचं काय मग? ती नाण्यांचीच की. जुनी अस्सल पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ चोख सोन्याचं. तिकडं ते 1284 पासून पाडत होते. व्यापारातून इकडं आलं आणि आपल्या बायकांनी ते गळ्यात ओवलं. आणि बाबा, तुम्ही आम्हाला हलशीला नेऊन भूवराह नरसिंहाचं देऊळ दाखवलंत, ती गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह असायचा. तेव्हा सोन्याचं नाणं आपल्या मुलखाला नवं नाही. मध्यंतरी सुवर्ण नियंत्रण कायदा आला, 1968 ते 1990 घरात चोख सोन्याची लगड ठेवायलाच बंदी होती. त्या काळात सोनं म्हणजे दागिनाच, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं असणार, असं मला वाटतं.

आता मी घेते ते काय, ते सांगते. चोवीस कॅरेटचं, 999 शुद्धतेचं नाणं. एक ग्रॅमचं बघाल तर हसाल, शर्टाच्या गुंडीएवढं असतं. प्लॅस्टिकच्या बंद कार्डात येतं. कार्डावर वजन, शुद्धता आणि नंबर. ते कार्ड फोडायचं नाही, कारण फोडलं की घेणारा पुन्हा टंच काढणार, म्हणजे शुद्धता तपासणार, आणि काहीतरी कापणार. (आई, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू कार्डावरूनच वाहायचं. लक्ष्मीला चालतं, मी विचारलंय.) सरकारचंही नाणं आहे, 2015 साली निघालं, एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी.

खरी मेख आहे ती वरच्या पैशांत. समजा, ग्रॅमचा भाव दहा हजार आहे. एक ग्रॅमचं नाणं घ्यायला गेलं की पाडणावळ आणि कार्ड धरून दुकानदार वर चार-पाचशे मागतो. पाच ग्रॅमचं घेतलं तर तेच ग्रॅममागे दीड-दोनशेवर येतं. त्यावर तीन टक्के जीएसटी, तो विकताना कुणी परत देत नाही. म्हणजे नाणं जेवढं लहान तेवढं महाग. अर्ध्या ग्रॅमच्या नाण्याच्या वाटेला तर मी जातच नाही, ती बारशात द्यायची वस्तू. मी बँकेत थोड्या मुदतीची आवर्ती ठेव घातली आहे; ती पिकली की दोन ग्रॅमचं, जमलं तर पाचाचं घेते. आईचा गुरुपुष्यामृताचा आग्रह मला ठाऊक आहे, गुंजभर तरी घे म्हणते. पण त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, धड बोलायलाही कुणाला सवड नसते. मी आपली आडवारी जाते. चहा येतो, आणि ‘वर किती लावता’ आणि ‘परत घेताना कुठल्या भावानं घ्याल’ हे दोन्ही प्रश्न निवांत विचारता येतात. दुसऱ्या प्रश्नाला जो सराफ गुळमुळीत बोलतो, त्याच्याकडनं घ्यायचं नाही.

बँकेतून का घेत नाही, असं तुम्ही विचारणारच. बँक नाणं विकते, पण परत विकत घेत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. दागिन्याला आपण कोल्हापूरला गुजरीत जातो ते कारागिरीसाठी, साज तिथलाच हवा. नाण्याला कारागिरी बघायची नसते. खडेबाजारात घ्या नाहीतर शहापुरात, सोनं तेच. मग जो वर कमी लावतो आणि पक्की पावती देतो, तो आपला.

पावत्या मी एका फाइलला लावते. विकायची वेळ आली तर दोन वर्षांनंतर विकलेलं बरं. 2024 च्या जुलैपासून त्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, दोन वर्षांच्या आत विकलं तर तो नफा आपल्या उत्पन्नात धरतात. कागदावरचं सोनं ह्याहून स्वस्त पडतं हे मला मान्य आहे. सरकारी सुवर्ण रोखे चांगले होते, पण फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघाले नाहीत. बाजारातले दुसरे कागद आहेत. थोडे तेही घेईन. पण रात्री-अपरात्री दवाखान्याला धावायची वेळ आली तर हातात काहीतरी असावं, ह्या बाबतीत मी आईचीच मुलगी.

आता आजीची गिनी. आई, ती ट्रंकेतून काढ आणि बाबांना भिंग घेऊन बसव. घोडेस्वाराच्या बाजूला, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या जरा वर बारीक इंग्रजी ‘आय’ अक्षर आहे का बघा. असलं आणि साल 1918 असलं तर ती मुंबईत पाडलेली. त्या एकाच वर्षी मुंबईत गिन्या पाडल्या. गिनी बावीस कॅरेटची, वजन 7.98 ग्रॅम, त्यात चोख सोनं 7.32. तांबं मिसळलेलं असतं म्हणून इतकी वर्षं झिजली नाही. कुणी किंमत सांगितली तर त्या दिवसाच्या चोवीस कॅरेटच्या भावाला 7.32 नं गुणून बघायचं, मग बोलायचं. आजीनं कडी बसवून घेतली आहे त्यामुळं नाणी जमवणारा तिला वरचे पैसे देणार नाही, पण सोनं कुठं जात नाही. कडी काढायला कुणाकडं देऊ नका, आणि चिंच लावून घासू तर मुळीच नका.

एक काळजीचं. आठवड्याच्या बाजारात किंवा एसटी स्टँडवर कुणी गाठून सांगेल, की पाया खणताना हंडा सापडला, नाणी अर्ध्या भावात देतो. असले लोक आपल्या कर्नाटकात जागोजागी फिरतात. पहिलं नाणं खरंच सोन्याचं देतात. सराफ कस लावून ‘चोख आहे’ म्हणतो, माणसाचा विश्वास बसतो, आणि मग पिशवीभर पितळ गळ्यात पडतं. हंडा खरा असला तरी तो परस्पर विकता येत नाही. तसा कायदाच आहे, सापडलेलं गुप्तधन सरकारला कळवावं लागतं. बाबा, तुम्हाला जुन्या नाण्यांचा नाद आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि ती सराफाची भिशी. पेन्शनीतून महिना हप्ता भरायचं म्हणताय असं आईकडून कळलं. अकराच हप्ते का असतात? असली आगाऊ घेतलेली रक्कम 365 दिवसांच्या आत फेडली नाही तर ती ठेव धरतात, आणि मग कंपन्यांना ठेवींचे नियम लागतात, म्हणून वर्ष भरायच्या आतच आटपतात. म्हणजे तुमचे पैसे दुकानदाराकडं तारणाशिवाय पडून राहणार, आणि सवलत मिळणार ती बहुतेक मजुरीवर. नाणं घेतलं तर तीही नाही. दुकानाला कुलूप लागल्यावर हातात कार्ड घेऊन उभे राहिलेले लोक मी बेळगावातच बघितलेत. त्यापेक्षा बँकेत भरा, पैसे झाले की मी तुमच्याबरोबर येते.

लॉकरच्या फॉर्मवर आईचं नाव नॉमिनी म्हणून घातलंय का, ते बँकेत जाल तेव्हा तेवढं विचारून या. पुढच्या रविवारी मी खानापूरच्या पहिल्या गाडीनं येते. भिशीचा पहिला हप्ता तोवर भरू नका.

तुमची थोरली