सावलीचा धडा उन्हात शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘चंद्राच्या कला का दिसतात?’ असं वर्गात विचारलं की भराभर हात वर होतात आणि उत्तर येतं, ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून.’ तीस वर्षं भूगोल शिकवताना मी हे ऐकलं. निवृत्तीनंतर सातवीतल्या नातीच्या तोंडूनही तेच ऐकलं, तेव्हा राहवेना, म्हणून हे पत्र.

हे उत्तर चूक आहे; पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. पण यात मुलांचा दोष नाही. आकृतीत सूर्य, पृथ्वी आणि चंद्र वीतभर जागेत एका ओळीत काढलेले असतात. खरं प्रमाण धरायचं तर पृथ्वी मोसंबीएवढी, चंद्र बोराएवढा आणि दोघांत सव्वादोन मीटर अंतर. त्यात चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली. म्हणजे ते बोर मोसंबीच्या सावलीच्या वीतभर वरून किंवा खालून निघून जाऊ शकतं. हे एकदा मांडून दाखवलं की दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, ते मुलांना पाठ करावं लागत नाही.

वद्य अष्टमीला सकाळी आठ वाजता नातीला गच्चीवर नेलं. पश्चिमेला अर्धा चंद्र होता. तिच्या हातात पांढरा चेंडू दिला आणि हात लांब करून तो उन्हात चंद्राच्या शेजारी धरायला सांगितला. चेंडूची सूर्याकडची बाजू उजळ, उरलेली काळोखी. चंद्रही हुबेहूब तसाच. बराच वेळ ती दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग म्हणाली, ‘आजी, सूर्य तर तिकडे आहे. पृथ्वी मध्ये आलीच कुठे?’ या एका प्रश्नासाठी मी फळ्यावर किती आकृत्या काढल्या असतील!

महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा नेमका आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. साताऱ्यात हे १० मेच्या सुमारास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला घडतं. मे महिन्यात शाळेला सुट्टी, ऑगस्टमध्ये ढग. म्हणून मैदानात वर्षभर एक काठी रोवून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा तिची सर्वांत आखूड सावली मुलांनी मोजावी. ती बाराला पडत नाही, साडेबाराच्या आगेमागे पडते. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतं आणि सातारा त्याच्या बराच पश्चिमेला आहे, हे तिथंच कळतं.

२५ ऑक्टोबर २०२२ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण होतं. आमच्या गल्लीत दारं-खिडक्या बंद होत्या. आम्ही छोट्या आरशावर कागद चिकटवून त्याला बारीक भोक पाडलं आणि अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर कवडसा पाडला. आरशात कुणी डोकावायचं नाही, एवढी ताकीद होती. पाच मीटरवर लाडवाएवढा सूर्य उमटला, एका कडेनं कुरतडलेला. शेजारची मुलंही हळूहळू येऊन बसली. घरात कुणी काय पाळावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मुलांना यापासून लांब ठेवू नये.

२ ऑगस्ट २०२७ला, सोमवारी, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा असल्यानं ढग आडवे येतीलही. तरी शाळांनी त्या दिवशी मुलांना लवकर घरी सोडू नये. आरसे, कागद आणि एक अंधारी खोली तयार ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा