बाण रुतलेल्या काळविटाची खबर चार दिवस कोणीच दिली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पाटोदा तालुक्यातील एका शिवारात मोबाइलवर काढलेली चित्रफीत गेल्या आठवड्यात गावोगावच्या ग्रुपवर फिरत होती. हरभऱ्याच्या कडेने दहा-बारा हरणांचा कळप चरत आहे आणि त्यातल्या एका काळविटाच्या पाठीत, पुढच्या फऱ्याच्या किंचित मागे, बाणाची काडी उभी आहे, एवढेच त्या चित्रफितीत होते. काडीच्या टोकाची हिरवी प्लास्टिकची पिसे स्पष्ट दिसत होती. काळवीट मान खाली घालून चरत होता आणि मधूनच, माशी बसल्यावर बैल थरथरवतो तसे, पाठीचे कातडे थरथरवत होता. त्याखाली लोकांनी जे लिहिले होते ते दोनच प्रकारचे होते. काहींनी लिहिले, ‘नशीब बलवत्तर, वाचला बिचारा.’ काहींनी लिहिले, ‘नेम दोन बोटं खाली धरला असता तर जागेवर पडला असता.’ चार दिवसांत वन खात्याला मात्र एकानेही कळवले नव्हते. मी फोन केला तेव्हा आमच्या वनरक्षकांना ही गोष्ट पहिल्यांदा समजली. मी तीस वर्षे या भागात पशुवैद्यक म्हणून नोकरी केली आहे आणि घरची कोरडवाहू शेतीही करतो. म्हणून या दोन्ही शेऱ्यांबद्दल लिहिणे मला माझे काम वाटते.

आधी ‘दोन बोटं खाली’ याविषयी. बंदुकीची गोळी आजूबाजूचे मांस, हाडे फोडत जाते. बाणाचे तसे नसते. त्याचे पाते वाटेत जे येईल तेवढेच कापते आणि जनावर मरते ते रक्तस्रावाने. म्हणजे दोन्ही फुफ्फुसे किंवा हृदय कापले गेले तरच ते लवकर कोसळते. अमेरिकेत, जिथे परवाना काढून ठरावीक हंगामात धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथल्या जाणत्या शिकाऱ्यांनाही हे पक्के ठाऊक असते. जमिनीवर पडलेले रक्त फेसाळ, गुलाबी असेल तर बाण फुफ्फुसात गेला, काळपट असेल तर यकृतात, आणि हिरवट, दुर्गंधी पाणी मिसळलेले असेल तर कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात) किंवा आतड्यात, असा अंदाज ते बांधतात. पोटात बाण लागलेले हरीण अनेक तास जिवंत राहते; आतली घाण पोटाच्या पोकळीत पसरते आणि ते तडफडत मरते. बाण एकाच फुफ्फुसातून गेला तर ते जगूही शकते, पण धापा टाकत. फऱ्याच्या रुंद हाडावर बाण आदळला तर पाते तिथेच अडकते.

या काळविटाच्या बाबतीत बाण त्याहून वर लागला असावा. खांद्यापाशी पाठीच्या मणक्यांना वर लांब काटे असतात, त्यामुळे बाहेरून पाठीची जी रेषा दिसते तिच्या बरेच खाली खरा कणा असतो. मणका आणि फुफ्फुस यांच्यामध्ये रिकामी जागा असते आणि बाण तिथून निघून गेला की हरीण वाचते, असा समज परदेशी शिकाऱ्यांत आहे. तो चुकीचा आहे. फुफ्फुस कण्याला लागूनच असते. बाण कण्याच्या वरून, नुसत्या स्नायूंतून गेलेला असतो, म्हणून ते जनावर चालते-फिरते दिसते.

नेम धरणाऱ्याच्या हातात नसलेली आणखी एक गोष्ट आहे. आधुनिक धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ८० मीटर वेगाने जातो असे धरू. ३० मीटरवर पोहोचायला त्याला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त वेळ लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला ३४० मीटरने जातो, म्हणजे तो बाणाच्या पाव सेकंदाहून अधिक आधी हरणाच्या कानावर पडतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडते, तेवढ्यात त्याचे अंग जवळजवळ वीतभर खाली येते आणि छातीवर धरलेला नेम पाठीत लागतो. आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला धनुर्विद्येत जगज्जेतेपद मिळवले, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्या खेळात ५० मीटरवरचे लक्ष्य ८० सेंटिमीटर व्यासाचे असते आणि ते जागेवर स्थिर असते. चाळीस किलोच्या आतबाहेर वजनाच्या काळविटाची छाती भाकरीएवढी, आणि तो कान टवकारून उभा. अशा जनावरावर माळावर लपून बाण सोडणाऱ्याला धनुर्धर म्हणू नये.

आता ‘वाचला’ याविषयी. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी विहिरीत पडून मेलेली एक हरणी शवविच्छेदनासाठी माझ्याकडे आणली होती. कमरेची हाडे वर आली होती. पुढच्या उजव्या पायाचे खूर बाकीच्या तिन्ही खुरांपेक्षा बोटभर वाढले होते, कारण त्या पायावर तिने कित्येक महिने भार दिलेलाच नव्हता. बाकीची खुरे दगडगोट्यांवर झिजत होती आणि हे तसेच वाढत होते. फऱ्याच्या स्नायूत लिंबाएवढी टणक गाठ होती. ती कापताना सुरी कशावर तरी खरखरली. आत घट्ट दह्यासारखा पू आणि त्यात अंगठ्याच्या पेराएवढे गंजलेले लोखंडी पाते होते. शरीराने ते बाहेर टाकता येईना म्हणून भोवती पांढरी, चिवट पिशवी विणली होती. बाहेरून कातडीवर केसही उगवलेले होते, लांबून पाहणाऱ्याला ती धडधाकट वाटली असती. मृत्यूचे कारण मी बुडून गुदमरणे असे लिहिले, आणि ते खरेच होते. मात्र कळप विहिरीला वळसा घालून पळाला आणि ती तेवढीच आत गेली, याचे कारण त्या पायात होते असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. जखम भरून येते ती अशी. पावसाळा असेल तर तीही भरून येत नाही, माशा बसून अळ्या पडतात.

मेला की वाचला, हा भेद कायद्यानेही केव्हाच मिटवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीची जी व्याख्या केली आहे तिच्यात मारणे तर आहेच, पण मारण्याचा प्रयत्न, फासा लावणे, पाठलाग करणे आणि जखमी करणे हेही आहे. काळवीट आणि चिंकारा दोन्ही पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे. तेव्हा कळपात चरणाऱ्या त्या काळविटाची शिकार कायद्याच्या दृष्टीने झालेली आहे, आणि तिचा पुरावा तो पाठीवर घेऊन फिरत आहे.

पुरावा म्हटल्यावर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बाण दिसला की आमच्याकडे बोट पहिल्यांदा पारधी वस्तीकडे वळते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा रद्द होऊन १९५२ साली त्या विमुक्त झाल्या, पण गावाच्या मनातून शिक्का गेलेला नाही. चित्रफितीतली काडी बाजारात विकत मिळणाऱ्या कारखानी बाणाची होती, हे तिच्या पिसांवरून मलाही कळले. कोणी काय मागवले आणि कोठून, याचा तपास तिथून सुरू व्हावा. वस्तीवर रात्री गाडी नेऊन तो होणार नाही.

हरभऱ्याचे शेंडे हरणे खुडतात तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात काय होते ते मला ठाऊक आहे, माझाही हरभरा जातो. हरणाने केलेल्या पीकनुकसानीची भरपाई शासन देते आणि ती वेळेवर, पंचनाम्यासाठी चार खेपा न घालता मिळावी, ही मागणी मी या पत्रातही करतो. पण तो राग बाणाचे समर्थन म्हणून पुढे करू नये.

जखमी हरीण दिसल्यास लोकांनी काय करावे, हे आपल्या दैनिकाने ठळकपणे छापावे अशी विनंती आहे. वन खात्याचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे. त्यावर शिवाराचे नाव, दिसल्याची वेळ आणि कळप कोणत्या दिशेला गेला एवढे सांगितले तरी पुरते. जनावर चालते असेल तर त्याचा पाठलाग करू नये. घाबरून ऊर फुटेपर्यंत धावलेल्या हरणाचे स्नायू आतून निकामी होतात आणि ते बाणाने नव्हे तर त्या धावपळीने दोन-तीन दिवसांनी मरते, हे मी पाहिले आहे. खाली पडलेले असेल तर डोळ्यांवर स्वच्छ फडके टाकावे, गर्दी हटवावी, कुत्री आवरावीत आणि त्याला कुशीवर न ठेवता छातीवर बसते ठेवावे, कारण रवंथ करणारे जनावर आडवे राहिले की पोट फुगते. तोंडात पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. आणि रुतलेला बाण कोणीही ओढून काढू नये. रुतलेल्या काडीनेच आतले रक्त दाबून धरलेले असते. ती काढण्याचे काम भूल देऊन डॉक्टरनेच करायचे असते.

वनरक्षक दोन दिवसांपासून त्या माळावर सकाळ-संध्याकाळ फिरत आहेत. कळप त्यांना दिसला, बाण असलेला काळवीट अद्याप दिसलेला नाही. चित्रफीत ज्यांनी काढली त्यांनी पुढे यावे. ती कोणत्या बांधावरून आणि कोणत्या दिवशी काढली, एवढेच त्यांच्याकडून हवे आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक,
ता. पाटोदा, जि. बीड