तुराटी आणि तीन सेल

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

आत्यासोबत पाठवलेलं वहीचं पान मिळालं. तीन सेल, एक एलईडी, मधात रेझिस्टर आणि दोन मोकळी टोकं, करंट कशातून जातो ते बघायचा तुझा टेस्टर. एवढ्यावर तू अर्धं वसतिगृह तपासलंस म्हणायचं! चमचा, किल्ली, पेन्सिलचं शिसं लावलं की दिवा लागला. खोडरबर, कंगवा, काचेची बांगडी लावली तर नाही. शिशाचं तुला नवल वाटलं. ते शिसं नव्हेच, ग्राफाइट आहे, कार्बनचा प्रकार. लहानपणी आम्ही निकामी सेल फोडून आतली काळी कांडी काढायचो, भिंतीवर रेघोट्या ओढायला. तीही कार्बनचीच.

पण दोन ओळींवर मी अडलो.

'तांब्याची तार : दुर्वाहक.' म्हणजे तिच्यातून करंट जात नाही. अगं माय, ती तार तू पोळ्याला माझ्या खोक्यातून नेलीस ना? ती मोटारीच्या वाइंडिंगची. दिसते उघडी, पण तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो. तो नसता तर एकमेकांना खेटून बसलेल्या वेढ्यांतून करंट फिरलाच नसता, आडवाच पळाला असता. मोटार जास्त तापली की हाच थर जळतो आणि मग आपल्याला वाइंडिंगवाल्याची पायरी चढावी लागते. ब्लेडनं दोन्ही टोकं खरवड, मग लाव.

दुसरी ओळ, 'ओली तुराटी : दुर्वाहक.' ही आजच खोड.

तू दुसरीत होतीस. श्रावणात बोअरच्या पेटीजवळ केबल पाण्यात पडलेली दिसली. लाकूडच तर आहे म्हणून कुंपणाची तुराटी उपसली अन् केबल बाजूला सारायला गेलो. तुराटी आठ दिवसांच्या झडीत भिजलेली, केबल सोललेली. मी सरळ चिखलात. संध्याकाळपर्यंत हात बधिर होता. आधी मेन स्विच पाडायचा, एवढं साधं सुचलं नाही.

तुझा टेस्टर खोटं बोलत नाही, पण त्याची ताकद केवढी? तीन सेल म्हणजे 4.5 व्होल्ट. घरातली लाईन 230, म्हणजे पन्नास पट. मोटारीच्या दोन फेजांमध्ये तर 415. तुराटीतून सेलचा करंट दिवा दिसण्याइतका गेला नाही, एवढंच तुला कळलं. तिथंच पन्नास पट दाब लाव, मग माणूस लोळतो. म्हणून रकान्यात 'दिवा लागला नाही' असं लिही. दुर्वाहक लिहायची घाई नको.

दिवाळीला येताना टेस्टर आण. आपण खारपाणपट्ट्यातले, आपल्या बोअरचं पाणी खारट. मिठानं त्यातून करंट चांगला जातो. पत्र्याखालच्या टाकीत पावसाचं पाणी आहे, तेही लावून पाहू. अंधार पडल्यावर बघू, म्हणजे मंद लागलेला दिवाही दिसेल.

अन् आईसमोर तुराटीचा विषय काढू नको. ती अजून समजते, मी घसरलो होतो.

तुझे बाबा