कराराच्या पहिल्या पानाविषयी

मुंबई
२० डिसेंबर २०२४

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा सामंजस्य कराराचा मसुदा, दोन्ही मिळाले. महापालिका, शासकीय रुग्णालय, खासगी डॉक्टर आणि दोन स्वयंसेवी संस्था एकत्र येऊन सोलापूरच्या पूर्व भागातल्या वस्त्यांमध्ये माता-बालकांचे आरोग्य आणि क्षयरोग या विषयांवर काम करू पाहत आहेत, आणि निवृत्तीनंतर तू त्या समितीत बसणार आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. मसुदा मी दोनदा वाचला. निधी कोणी द्यायचा, जागा कोणाची, औषधसाठा कोणाच्या ताब्यात, अहवाल किती तारखेला जाणार, हे सारे त्यात नीट आले आहे. मात्र अकरा पानांत दारोदार फिरणाऱ्या आशाताईंचा उल्लेख एकदाच येतो, आणि तोही ‘आवश्यक मनुष्यबळ उपलब्ध करून घेण्यात येईल’ अशा शब्दांत. माझे सारे म्हणणे या एका ओळीविषयी आहे.

धारावीत मी जी वर्षे काढली, त्यांत मी अनेक भागीदाऱ्या जुळताना आणि विस्कटताना पाहिल्या. त्यांतली टिकली कोणती आणि विरली कोणती, याचा विचार करतो तेव्हा प्रत्येक वेळी मला वस्तीतल्याच कुठल्यातरी बाईचा चेहरा आठवतो. मुंबईत आपण त्यांना आरोग्य सेविका म्हणतो. १९८८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने येथे लोकसंख्या प्रकल्प सुरू झाला, त्या काळात ही फळी उभी राहिली. त्या वस्तीत राहतात, वस्तीची भाषा बोलतात, कोणाच्या घरी सून नवी आली आणि कोण गावी बाळंतपणाला गेली हे त्यांना तोंडपाठ असते; आणि या सगळ्याबद्दल त्यांना पगार नव्हे, मानधन मिळते. मानधन हा शब्द मला आजही टोचतो. त्यात मान किती आणि धन किती, हे त्यांच्यापैकी कोणालाही विचारून पाहा.

तुला आठवत असेल, आपण शिकत होतो तेव्हा सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचे नाव मातेच्या दुधाच्या पेढीमुळे गाजले होते. १९८९ साली सुरू झालेली ती आशियातली पहिली दुग्धपेढी. ती उभारणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात अर्भकांच्या विभागात काम करत होत्या. रुग्णालयात येणाऱ्या बाळाचे दुखणे वस्तीतच सुरू झालेले असते, हे जाणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. पुढे धारावीत कुपोषित मुलांसाठी जे काम झाले, त्यात अंगणवाडी राज्य शासनाची, रुग्णालय महापालिकेचे आणि घरभेटी देणाऱ्या कार्यकर्त्या संस्थेच्या, अशी तीन निरनिराळी घरे एकत्र नांदली. तीव्र कुपोषित मुलाला द्यायचा पोषक आहार सायन रुग्णालयाच्या पोषण केंद्रातच तयार होत असे. कागदावर हे सोपे दिसते. पण तो आहार मुलाच्या तोंडापर्यंत कसा जातो, ते मी एका दुपारी पाहिले आणि माझी समजूतच बदलली.

तेरा नंबरच्या पट्ट्यातली ती खोली दहा बाय दहाची असेल. वर पोटमाळा, खाली जीन्सच्या पँटींचा ढीग, आणि त्या ढिगाशेजारी बसून धागे कापणारी वीस-बावीस वर्षांची आई. घरभेटीला आलेल्या ताईंनी पिशवीतून दंडाचा घेर मोजायची पट्टी काढली आणि मुलाच्या डाव्या दंडाला गुंडाळली. आकडा ११.२ सेंटिमीटर आला, म्हणजे साडेअकराच्या खाली, पट्टीच्या लाल भागात. त्यांच्या जागी मी असतो तर कुपोषणावर चार वाक्ये बोललो असतो, रुग्णालयात ताबडतोब जा असे सांगितले असते आणि वहीत ‘समुपदेशन केले’ अशी नोंद केली असती. ताईंनी तसले काही केले नाही. त्यांनी विचारले, “शेठ माल न्यायला कधी येणार?” संध्याकाळी पाचला, असे उत्तर आले. मोठ्या मुलीला कोणाकडे ठेवशील, हा दुसरा प्रश्न. आईला काहीच सांगता येईना. तेव्हा ताईंनी तिच्या हातातली कात्री स्वतःकडे घेतली, मुलीला मांडीशी बसवले, आणि शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या सेविकेला आईबरोबर सायनला धाडले. ती परत येईपर्यंत ताईंनी किती पँटींचे धागे कापले कोण जाणे, पण माल पाचला तयार होता. त्या दिवशीच्या मासिक तक्त्यात या सगळ्याला एकच रकाना होता: भेट दिली, होय किंवा नाही.

म्हणून मी म्हणतो की मसुद्यातली ‘मनुष्यबळा’ची ती ओळ बदल.

आता याची दुसरी बाजूही तुला प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण समितीत कोणीतरी ती काढणारच. मुंबईच्या ४८ वस्त्यांमध्ये महिलांचे गट बांधून बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी याविषयी नियमित बैठका घेण्याचा मोठा प्रयोग झाला. निम्म्या वस्त्यांत गट होते, निम्म्यांत नव्हते. २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्हींमध्ये बाळांच्या जगण्यात अपेक्षित फरक दिसला नाही. खेड्यांत जे साधले होते, ते शहरात तसेच्या तसे साधले नाही. मला त्यावेळी फार वाईट वाटले होते. पण आज वाटते की हे जाहीर करणाऱ्यांनी आपल्यावर उपकारच केले. शहरात भाड्याची खोली बदलली की शेजार बदलतो. बैठकीला येते ती बाई बहुधा आधीच थोडी मोकळी असते, आणि जिची सर्वांत जास्त गरज असते ती दाराआड धागे कापत राहते. बैठक कितीही चांगली झाली तरी तिच्यापर्यंत चालत कोणी जायचे, हा प्रश्न उरतोच. पुढे वस्तीतच आरोग्य केंद्र आणि त्याच्या जोडीला घरभेटी अशा रचनेची पाहणी ४० वस्त्यांमध्ये झाली, आणि २०१७ साली आलेल्या निष्कर्षांत कुटुंबनियोजनाची गरज भागण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले. तेव्हा तुमच्या मसुद्यात बैठकांसाठी जी रक्कम राखली आहे, तिच्यातली मोठी रक्कम घरभेटींकडे वळवता आली तर जरूर वळव.

बैठकांवरून आठवले. लसीकरणाचे एक सत्र मी सकाळी दहाला ठेवले होते, कारण परिचारिकेला तीच वेळ सोयीची होती. चारच बाया आल्या. त्या वेळी गल्लीत नळाला पाणी येते आणि पाणी सोडून कोणीही येणार नाही, हे मला एकाही सेविकेला न विचारता कसे कळणार होते? तुमच्याकडे बिड्या वळणाऱ्या बाया कारखान्यात बिड्या द्यायला ज्या वेळी जातात, त्या वेळी तुझे सत्र असेल तर त्याचीही तीच गत होईल. वेळापत्रक आशाताईंनी ठरवावे आणि अधिकाऱ्यांनी ते मान्य करावे, असे करारातच लिहून घे.

खासगी डॉक्टरांविषयी तू शंका घेतली आहेस, ती मला रास्त वाटते, पण त्यांना वगळून चालणार नाही. वस्तीतला माणूस ताप आला की पहिल्यांदा गल्लीतल्या दवाखान्यातच जातो, खोकला महिनाभर टिकला तरी तिथेच जातो. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे; पण मुंबईत खरी हालचाल दिसली ती २०१४ पासून, जेव्हा खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णाला त्याच डॉक्टरांकडे ठेवून नेहमीच्या औषधाच्या दुकानातून मोफत औषधे मिळण्याची सोय झाली. डॉक्टरांचा रुग्ण तुटला नाही, रुग्णाचा खर्च वाचला, आणि पालिकेला रुग्णाचा पत्ता मिळाला. तिघांनाही काही मिळाले म्हणून ते चालले. क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेची मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १००० रुपये झाली आहे, हेही तुमच्या डॉक्टरांना सांग. कितीतरी रुग्णांना ती आपल्याला मिळू शकते हेच ठाऊक नसते.

आणि २०२० सालचा एप्रिल तू दूरदर्शनवर पाहिलास, मी गल्लीत पाहिला. १ एप्रिलला धारावीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला. जिथे बहुतेक कुटुंबे सार्वजनिक शौचालय वापरतात आणि एका खोलीत आठ-दहा माणसे राहतात, तिथे अंतर राखा म्हणण्याला काय अर्थ होता? पालिकेने तेव्हा रुग्ण येण्याची वाट न पाहता रुग्णापर्यंत जायचे ठरवले. स्थानिक खासगी डॉक्टर पालिकेच्या पथकांबरोबर अंगावर ते संरक्षक कपडे चढवून गल्लोगल्ली उतरले आणि अवघ्या काही दिवसांत सुमारे ४७ हजार लोकांची तपासणी झाली. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी धारावीचे नाव घेतले तेव्हा आमच्या सेविकांना रडू आवरेना. लोकांनी दारे उघडली, कारण दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांनी त्यांच्या पोरांना आजवर औषध दिले होते आणि शेजारी उभी असलेली ताई रोजच्या ओळखीची होती.

याच शहरात दारे फोडलीही गेली आहेत. १८९६ साली डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी मांडवीत प्लेग ओळखला, आणि त्यानंतर सरकारी पथके घरात शिरून माणसांना उचलून नेऊ लागली. लोक आजारी माणसे लपवू लागले, आणि मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली. त्याच साथीत, पुण्यात, सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात स्वतः आणत होत्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने त्या गेल्या. आरोग्य खात्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात असे मला फार वाटते.

रुग्णालयाच्या बाजूविषयी एक जुनी सल आहे, ती लिहितो. एका सेविकेने सहा महिने मागे लागून एका गरोदर बाईला तपासणीला तयार केले होते. कळा सुरू झाल्या तेव्हा ती एका प्रसूतिगृहात गेली, तिथून दुसरीकडे आणि दुसरीकडून तिसरीकडे. कोणी चिठ्ठी दिली नाही, कोणी पुढे फोन केला नाही. बाळ वाचले नाही. पुढे वर्षभर त्या गल्लीत कोणी त्या सेविकेला दारात उभे केले नाही. तिची चूक काहीच नव्हती, पण व्यवस्थेचा अपराध नेहमी ओळखीच्या माणसाच्या नावावर जमा होतो. म्हणून तुमच्या करारात रेफरच्या चिठ्ठीचा एकच नमुना सर्व ठिकाणी असावा, पुढच्या रुग्णालयाला आधी कळवल्याशिवाय कोणालाही पाठवू नये, आणि पाठवलेल्या बाईचे पुढे काय झाले हे आशाताईला दोन दिवसांत कळवावे, असे स्पष्ट लिही. सिव्हिलमधल्या प्रसूती विभागाच्या प्रमुखांचा दूरध्वनी क्रमांक त्या ताईकडे असावा आणि तिने तो लावला तर उचलला जावा.

आता पहिल्या पानाविषयी. करार करणाऱ्या पक्षांच्या यादीत महापालिका, रुग्णालय, डॉक्टर आणि संस्था यांच्या जोडीला आशाताईंचे आणि महिला आरोग्य समित्यांचे प्रतिनिधी हा पाचवा पक्ष असावा, आणि त्यांच्या सहीशिवाय करार पुरा होऊ नये. शहरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती आणि तिला वर्षाला ५ हजार रुपयांचा अबंधित निधी अशी तरतूद आहेच. तो निधी कशावर खर्च करायचा हे त्यांनाच ठरवू दे. प्रकल्पाचे जादा काम असेल तर जादा मोबदला किती आणि कोणत्या तारखेला, हे रकमेसह लिही. हजार ते अडीच हजार लोकांमागे एक आशा असते. तिच्या डोक्यावर चौथे रजिस्टर देण्याआधी पहिल्या तिनांतले एक काढून घ्या. आणि पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या ताया असायलाच हव्यात. दुखणे माणूस आपल्याच बोलीत सांगतो.

समितीत यावर वाद होतील. कोणी म्हणेल की पाचव्या पक्षाला कायद्याने स्थान नाही, कोणी म्हणेल की पुढे मागण्या वाढतील. वाढू देत. तू तुझ्या शांत पद्धतीने हे लावून धरशील, याची मला खात्री आहे. वसतिगृहातल्या खानावळीच्या प्रश्नात तू सगळ्यांना एका टेबलाशी बसवले होतेस, ते मी विसरलेलो नाही.

गड्ड्याची यात्रा आटोपली की सिद्धेश्वर एक्सप्रेसने मी येतो. धारावीतल्या त्या ताईंनी तीन रंगांच्या शाईने ठेवलेल्या जुन्या वहीची झेरॉक्स, नावे झाकून, सोबत आणीन. समितीची बैठक दुपारी ठेव. सकाळी मला आधी बिड्या वळणाऱ्या बायांच्या गल्लीत ने, आणि तिथल्या आशाताईंना विचारून त्यांना सोयीची वेळ मला कळव.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझाच,
जुना खोलीसोबती