आमच्या गल्लीतल्या सुभेदार काकांना, औलीवरून आल्यावर

काका, तोंडावर आभार मानले की तुम्ही "गप रे, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून चारचौघात लिहितोय, बाकीच्या सातारकरांनी पण वाचावं.

बर्फ बघायचाय म्हटल्यावर जो तो मनालीच सांगत होता, एक एजंट तर पॅकेज गळ्यात मारायच्या तयारीतच होता. तुम्ही मात्र आधी आईच्या गुडघ्यांचं विचारलंत, मग पोरगं कितपत धडपड्या आहे, हिला उंचीची भीती वाटते का, आणि हे सगळं ऐकून मगच म्हणालात की उत्तराखंडात औलीला जा, तिथं बर्फावर स्कीइंग पण करता येतं, फेब्रुवारीत जा आणि शनिवार-रविवार टाळा. औलीच्या खालच्याच जोशीमठला पोस्टिंग काढलेल्या माणसाचा सल्ला तो, एजंटला कुठून सुचणार!

मे महिन्यात पसरणी घाटात हॉर्न ऐकत बसणारी माणसं आम्ही, तो मोकळा उतार बघून खरंच वाटेना. वरचं टोक ३००० मीटरच्या पुढं, खाली साधारण २५०० पर्यंत उतरत येतो, समोर ७८१६ मीटरची नंदादेवी आणि मधे धडकायला कोणी नाही. उतार उत्तरेकडं तोंड करून आहे म्हणून बर्फ टिकतो, हे तुमचंच ज्ञान मी तिथं पोराला स्वतःचं म्हणून ऐकवलं.

२०२३ ला जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून तिथून औलीला जाणारा रोपवे बंद, त्यामुळं वर गाडीनंच गेलो. आई चेअरलिफ्टनं वर जाऊन उन्हात शेंगदाण्याचा लाडू खात बसली, खाली यायलाच तयार नाही. जाणकार मंडळी वरच्या टोकावरून सुसाट येत होती आणि आम्ही नवशिके खाली जवळजवळ सपाटीवर, कुणाचा कुणाला अडथळा नाही.

पायात स्की अडकवल्यावर आधी शिकवलं ते पडायला! कुशीवर पडायचं, उताराच्या वरच्या अंगाला, आणि उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठताच परत घसरगुंडी. वेग कमी करायचा तर पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, इन्स्ट्रक्टर सारखा "पिझ्झा बनाओ" म्हणून ओरडायचा, हिचा दुपारपर्यंत झाला पण, माझी मात्र भाकरीच होत होती. पोराचं तर विचारूच नका, त्याला थांबायचंच नव्हतं.

आणि ते मोजे! एकच लोकरी जोड घाला, दोन घातले की बूट आवळतो आणि पाय उलट जास्त गार पडतात, हे कुणी सांगतं का? जीन्स पण तुमच्यामुळंच घरी राहिली. शेजारचं एक कुटुंब जीन्समध्ये आलेलं, तासाभरात ओलंचिंब होऊन हॉटेलवर परत. ऋषिकेशहून पहाटे निघून उजेडात जोशीमठ गाठा म्हणालात तेही ऐकलं, जवळजवळ अडीचशे किलोमीटर घाटरस्ता, अंधारात तिथं काय झालं असतं देव जाणे.

पोराला आता गढवाल मंडल विकास निगमचा, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यटन महामंडळाचा, १४ दिवसांचा स्की कोर्स करायचाय, ७ दिवसांचा पण असतो म्हणे. शाळा बुडवून पाठवावं का यावर घरात रोज वाद चाललाय. रविवारी पेढे घेऊन येतोय, काय ते तुम्हीच हिला समजावा.